अक्षर की नक्षी?

ब्रिटनमध्ये राहत असाल तर 'सुपरड्राय'चं जॅकेट तुम्ही बघितलंच असेल, कदाचित अंगावरही असेल. त्यावरच्या जपानी अक्षरांचा अर्थ साधारण 'अत्यंत कोरडे (करा)' असा होतो. कंसातला हुकूमसुद्धा छापलेला! कंपनी चेल्टनहॅमची. जपानमध्येही टीशर्टवर असंच निरर्थक इंग्रजी मिरवतात, त्यामुळे फिटंफाट म्हणून सोडून देऊ.

मला जास्त खटकतं ते दुसरं उदाहरण, कारण ते आपल्याच बिरादरीतलं आहे. २००८ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक सोसायटीच्या नियतकालिकाने चीनवर विशेषांक काढला. मुखपृष्ठावर देखणी चिनी अक्षरं, ओळीच्या ओळी. अंक बाहेर पडला आणि चिनी वाचकांनी सांगितलं की ही तर नाइटक्लब छापाची जाहिरात आहे, तरुण मुलींच्या कार्यक्रमाची. सोसायटीने माफी मागितली. खुलासा असा, की छापण्याआधी चिनीच्या एका जाणकाराला दाखवलं होतं, पण मजकुरातले खोल अर्थ परभाषिकाला चटकन कळत नाहीत.

हे काही पटत नाही. खोल अर्थ राहू दे, तो मजकूर तिथे होताच कशाला? आतल्या लेखांशी त्याचं काही नातं नव्हतं. 'चिनी दिसणारं' काहीतरी हवं होतं, एवढंच. जर्मन मजकूर असा कुठूनही उचलून कोणी मुखपृष्ठावर लावला असता का? नंतर मुखपृष्ठ बदललं, तेव्हा योहानेस श्रेक या जेझुइटाच्या सतराव्या शतकातल्या, यंत्रांवरच्या चिनी पुस्तकाचं नाव घातलं. अक्षरं तेवढीच देखणी, आणि विज्ञानाशी नातं सांगणारी. म्हणजे करता येत होतं!

आता आपली देवनागरी. बेकहॅमच्या हातावर बायकोचं नाव गोंदलंय, त्यात एक 'ह' जादा आहे म्हणून इंग्रजी पेपरांनी चुकीचं हिंदी ठरवून खिल्ली उडवली. हिंदीत 'वि' पुरतो, खरंय. पण मराठीत आपण 'व्हि'च लिहितो की! लिपी एक, भाषा अनेक, हे खिल्ली उडवणाऱ्यांच्याही गावी नव्हतं.

तेव्हा लॅबच्या टीशर्टसाठी कोणी 'जरा इंडियन अक्षरं दे ना' म्हणालं, तर आधी विचारा: काय लिहायचंय, आणि कुठल्या भाषेत? आणि छापायला जाण्याआधी फाइल स्वतः बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.