दोन धर्मपिते

मराठी वृत्तपत्रांत ‘गॉडफादर’ हा शब्द आता इतका रुळला आहे की स्नानकुंडाशी त्याचे काही नाते होते, हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. एखाद्याला निवडणुकीचे तिकीट नाकारले गेले की ‘त्याला दिल्लीत गॉडफादर नाही’ असे छापून येते. आपल्या घरांत मात्र धर्मपिता म्हणजे तान्ह्या बाळाच्या वतीने सैतानाचा त्याग करणारा आणि त्याच्या श्रद्धेची जबाबदारी शिरावर घेणारा माणूस. या नात्याच्या नावाला गुंडगिरीची छटा चिकटली ती मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीमुळे, आणि त्याहून अधिक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७२ च्या चित्रपटामुळे. रामगोपाल वर्मा यांचा ‘सरकार’ (२००५) त्याच चित्रपटाच्या छायेत मुंबईत अवतरला.

चित्रपट थोर आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. त्यातील स्नानसंस्काराचा प्रसंग पाहून आपल्यापैकी काहींना धर्मनिंदेचा वास येतो. मला तो येत नाही. मायकल कॉर्लिओने बहिणीच्या बाळाचा धर्मपिता म्हणून वेदीपुढे उभा आहे, सैतानाला नाकारतो असे म्हणतो आहे, आणि त्याच घटकेला त्याच्या आज्ञेवरून शहरात माणसे मारली जात आहेत. तोंडच्या शपथेत आणि हातच्या कर्मात पडलेली फट इतक्या निष्ठुरपणे दाखवणारा प्रवचनकार मी तरी ऐकलेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एका संपूर्ण समाजाचा चेहरा जगाने या एका कुटुंबावरून ओळखायला सुरुवात केली, आणि त्याच समाजाने आपल्याविषयी लिहिलेले दुसरे पुस्तक ग्रंथालयाच्या मागच्या फळीवर गेले.

हा समाज कोणता? १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडचे होते. शेतमजूर, गवंडी, दगडफोडे. त्यांच्याविषयीचा संशय कोपोलांच्या कॅमेऱ्याहून फार जुना आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये १८९० साली पोलीसप्रमुखाचा खून झाला. खटला चाललेल्या नऊ इटालियनांपैकी एकालाही ज्यूरीने दोषी ठरवले नाही. तरीही १४ मार्च १८९१ रोजी जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार केले. ‘माफिया’ हा शब्द अमेरिकी वाचकांच्या तोंडी बसला तो याच सुमारास. शहराच्या महापौरांनी त्याबद्दल माफी मागितली, ती २०१९ मध्ये. १९२४ च्या कायद्याने तर इटालियनांच्या आगमनाला जवळजवळ कुलूपच घातले.

आपल्या कॅथॉलिक बांधवांनीही त्यांना फार प्रेमाने वागवले असे नाही. धर्मग्रामांचा कारभार बहुधा आयरिश धर्मगुरूंच्या हाती. इटालियनांच्या मिरवणुका, त्यांचे संतांचे सण, रस्त्यावरची वाजंत्री हे सारे त्यांना अडाणीपणाचे वाटे. पूर्व हार्लेममधील ११५ व्या रस्त्यावरच्या कार्मेल मातेच्या मंदिरात कित्येक वर्षे इटालियनांची उपासना तळघरात चाले. ज्या मंदिरासाठी त्यांनी घाम गाळला, त्याच्याच तळघरात!

याला उत्तर म्हणून अभिमान जागा झाला, पण त्याचीही कथा सरळ नाही. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये इटालियन-अमेरिकन नागरी हक्क संघ स्थापन झाला. त्याने मोठमोठ्या सभा भरवल्या आणि ‘गॉडफादर’च्या निर्मात्याकडून पटकथेतील ‘माफिया’ हा शब्द गाळण्याचे वचन मिळवले. पटकथेत तो मुळात नावापुरताच होता. संघाचा संस्थापक जोसेफ कोलंबो होता तरी कोण? स्वतः एका गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. १९७१ च्या सभेत त्याच्यावर गोळी झाडली गेली. समाजाची अब्रू राखण्याचे काम, ती ज्याने घालवली त्याच्याच हाती सोपवले की असे होते.

आता ते दुसरे पुस्तक. पिएत्रो दी दोनातो यांची ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ ही कादंबरी १९३९ साली आली. लेखकाचे आईवडील अब्रुत्सी प्रांतातील वास्तो गावचे, वडील गवंडी. १९२३ च्या उत्तम शुक्रवारी बांधकाम कोसळून ते काँक्रीटखाली गाडले गेले. आठ भावंडांत थोरला पिएत्रो तेव्हा बारा वर्षांचाही झाला नव्हता. त्याने शाळा सोडली, हाती थापी घेतली आणि घर चालवले. कादंबरीतही हेच घडते. जेरेमिओ कसेबसे स्वतःचे घर घेतो, मुकादमाला धिरे कच्चे असल्याचे सांगत राहतो, मुकादम त्याला गप्प बसवतो, आणि उत्तम शुक्रवारी इमारत खाली येते. ओल्या सिमेंटमध्ये रुतत चाललेला हा बाप मरताना ख्रिस्ताला हाका मारतो. ही पाने वाचल्यानंतर कलवारीवरील प्रवचन मला पूर्वीइतक्या सहजपणे देता आलेले नाही.

दी दोनातोंच्या शैलीबद्दल थोडे सांगायला हवे. रंगभूमीवर आणि पडद्यावर इटालियन माणूस मोडकेतोडके इंग्रजी बोलून हशा पिकवी. दी दोनातोंनी ती मोडतोड उलटी फिरवली. त्यांच्या इंग्रजी वाक्यांची वळणे इटालियन आहेत, आणि त्यामुळे गवंड्यांचे बोलणे जुन्या करारातील स्तोत्रांसारखे भारदस्त होते. ‘काम’ हे तर एक पात्रच आहे. बळी मागणारे, नावानिशी वावरणारे. सगळीकडे हे साधलेले नाही. उत्तरार्धात आवाज चढतो, भावना ओसंडतात. परंतु पाय गमावलेल्या लुइजीच्या लग्नाची मेजवानी वाचावी. इतकी भूक, इतके हसू आणि इतका आनंद एका चाळीत मावतो कसा, असे वाटते.

या कादंबरीतही एक धर्मपिता आहे. त्याचे नाव नाझोने. तोही गवंडीच. धर्मपुत्र पॉल ज्या गगनचुंबी इमारतीच्या परांचीवर काम करतो, तिथेच तो असतो, आणि पॉलच्या डोळ्यांदेखत खाली कोसळून मरतो. त्याच्यापाशी सत्ता नाही, पिस्तूल नाही, कुणाचे काम करून देण्याची ताकद नाही. पॉलला तो देऊ शकला ते केवळ सोबतीचे चार दिवस. लाखो इटालियन बाळांना असेच धर्मपिते लाभले असणार. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही.

धर्मगुरू म्हणून मला सर्वाधिक बोचलेला प्रसंग वेगळाच आहे. बाप गेल्यावर घरात अन्न नाही, म्हणून पॉल मदत मागायला फादर जॉन यांच्याकडे जातो. फादर भरल्या ताटावर बसलेले आहेत. ते मुलाला सहानुभूतीचे चार शब्द ऐकवतात, मदत आपल्या हाती नसल्याचे सांगतात आणि निरोप देताना केकचा एक तुकडा हातात ठेवतात. पुढे आई आणि मुलगा सांत्वनासाठी मृतात्म्यांशी बोलवून देणाऱ्या एका बाईकडे जातात, आणि तिथे त्यांना ते मिळते! अंधश्रद्धेवर आपण पुष्कळ लिहितो. या दोन प्रकरणांचा क्रम मात्र मन लावून वाचावा. शेवटी पॉल आईच्या हातचा क्रूस चुरडतो, तेव्हा त्या कृत्याचा सारा दोष मला त्या मुलाच्या माथी मारता येत नाही.

पुझो यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. ‘गॉडफादर’पूर्वी त्यांनी ‘द फॉर्च्युनेट पिलग्रिम’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका लूचिया सान्ता ही न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत मुलांना वाढवणारी आई, बव्हंशी त्यांच्याच आईवरून घेतलेली. पुझो हीच आपली सर्वोत्तम कृती मानत. तिची वाखाणणी झाली, पैसा मिळाला नाही. कर्जाखाली दबलेल्या पुझोंनी मग गुंडांची कथा लिहायला घेतली. आपण प्रत्यक्षात एकाही गुंडाला ओळखत नव्हतो, असे त्यांनी नंतर सांगून टाकले. डॉन कॉर्लिओने बोलू लागला की कानी आपल्या आईचाच आवाज येई, हेही त्यांचेच म्हणणे. जगाला भुरळ घालणारा तो धीमा, करारी स्वर एका इटालियन आईचा होता, हे किती प्रेक्षकांना ठाऊक असेल?

अभिमान बाळगण्यासाठी या समाजाने प्रथम कोलंबसाला निवडले. १८९२ साली वर्गणी काढून न्यूयॉर्कमध्ये त्याचा स्तंभ उभारला. मूळ रहिवाशांच्या यातनांची चर्चा सुरू झाल्यावर तो आधार डळमळला. २०२० मध्ये कोलोरॅडो राज्याने कोलंबस दिनाची सुट्टी रद्द करून संत फ्रान्सेस कॅब्रिनी यांच्या नावाने सुट्टी जाहीर केली. पूर्वेला चीनला जाऊ इच्छिणाऱ्या या धर्मभगिनीला पोप लिओ तेरावे यांनी पश्चिमेला धाडले. १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि स्थलांतरितांच्या अनाथ मुलांसाठी घरे उभारीत राहिल्या. १९४६ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचे एक चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले. लेखक पिएत्रो दी दोनातो. ज्याने आपल्या नायकाला क्रूस चुरडायला लावला होता, तोच गवंडी.