दर्या आणि दऱ्या: संगणकातल्या मराठी ‘र’ची गोष्ट

(कोलशेत, ठाणे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या विषयावर कोलशेतमध्ये बोलायला मिळतंय हे बरंच झालं. कारण या गावाच्या नावात भांडणाची दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी बसली आहेत: ल आणि श. येताना मी पाट्या बघत आलो. गावात रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या पाटीवर पाकळ्यांचा ल दिसला. पुढे नव्या टॉवरच्या संगणकी फलकावर उजवीकडे उभी दांडी असलेला ल. गाव एकच आणि नावाला चेहरे दोन.

यावर आपल्याकडे बराच वाद झालेला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य शासनाने प्रमाणीकृत मराठी वर्णमाला जाहीर केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. ल पाकळीयुक्त हवा, श देठयुक्त हवा, हा आग्रह आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचला. आग्रह रास्त आहे. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांपासून आपल्या डोळ्यांना एका वळणाची सवय आहे आणि ती सोडायचं काही कारण नाही.

पण माझी तक्रार अशी आहे की आपण सगळा जोर या एकाच ठिकाणी लावला. ल आणि श हा प्रश्न मुळात पोशाखाचा आहे. युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे, ०९३२. तो मराठीत टंकला काय किंवा हिंदीत टंकला काय, संगणक तोच क्रमांक साठवतो. पाकळी दाखवायची की दांडी, हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की तो मराठी रूप पुढे करतो. अडचण एवढीच, की बहुतेक वेळा आपण त्याला भाषा सांगितलेलीच नसते. यात कुणाचा मराठीद्वेष शोधू नका. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला, म्हणजे मराठी हातानेच. पोशाख चुकला तरी माणूस तोच राहतो. तो बदलता येतो, उद्याही बदलता येईल.

माणूसच बदलतो, असं एक अक्षर मात्र आहे. त्याच्यावर फारसं कुणी बोलत नाही.

हे खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, तेव्हा ‘दर्या’ म्हणजे काय ते मी इथे सांगायला नको. आता ‘दरी’चं अनेकवचन करा: दऱ्या. एकात य च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात य च्या आधी ती आडवी, पापणीसारखी रेघ. तेवढ्या रेघेने समुद्राचे डोंगर होतात. आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा, यातला फरक लग्नघरात विचारा! हिंदीला या रेघेची गरज पडत नाही. मराठीला रोज पडते: वाऱ्यावर, कोपऱ्यात, बऱ्याच, तऱ्हा, गोऱ्हे, कुऱ्हाडे.

आता ही रेघ संगणकात कशी साठवतात ते बघा. एक नव्हे, दोन पद्धती आहेत. इस्की या भारतीय मानकाची पद्धत अशी: ऱ, म्हणजे खाली टिंब असलेला र, त्याला हलन्त, मग य. युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच बेतली, पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळा मार्ग दिला: साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह. पुढे युनिकोड इस्कीच्या मार्गावर परतलं, पण जुना मजकूर मोडू नये म्हणून दुसरा मार्गही चालू ठेवला. परिणाम? पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ तंतोतंत सारख्या दिसतात. आत मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने टंकलेली ‘गोऱ्हे’ दुसऱ्या पद्धतीने शोधलीत, तर साधा शोध सांगतो: असं नाव नाही.

मग बरोबर कोणती? दोन्हींत खोट आहे, आणि ती वेगवेगळी आहे.

टिंबाच्या ऱ चा क्रमांक ०९३१. तो ठेवलाय द्राविडी भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी. आपल्या ‘दऱ्या’तला र काही द्राविडी नाही, तो ‘दरी’तलाच र आहे. म्हणजे एकवचनात एक अक्षर आणि अनेकवचनात दुसरंच. नुसत्या क्रमांकाने यादी लावली तर ‘दऱ्या’ आपल्या ‘दरी’पासून तुटून लांब जाऊन पडतात. व्याकरणाच्या दृष्टीने हे सरळसरळ खोटं आहे.

अदृश्य चिन्हाची पद्धत व्याकरणाला प्रामाणिक आहे, कारण तिच्यात र हा र राहतो. पण ती नाजूक आहे. जे दिसत नाही ते लोक कचरा समजून झाडून टाकतात. इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी २००३ मध्ये जे नियम झाले, त्यात हे चिन्ह सरळ गाळून टाकायचं असंच ठरलं होतं. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कितीतरी आज्ञावल्या आजही तेच करतात. आणि ते गळलं की दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणारासुद्धा बोट ठेवणार नाही, कारण ‘दर्या’ हाही अस्सल शब्द आहे.

आपल्या शेजाऱ्यांकडे बघा. सिंहली लिपीतही याच अदृश्य चिन्हावर बरंच अवलंबून आहे. एसएलएस ११३४ हे त्यांचं मानक, आणि सिंहली १९९९ मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. र आणि य ची जोडरूपं या चिन्हाशिवाय बनत नाहीत; देशाच्या नावातला ‘श्री’सुद्धा नाही. पण तिथे चिन्ह गळलं तर काय होतं? अक्षरं सुटी होतात, हलन्त उघडा पडतो. शब्द कुरूप दिसतो, पण तो तोच शब्द असतो, आणि मोडलाय हे डोळ्यांना लगेच कळतं. आपल्याकडे तो मोडत नाही, बदलतो, आणि कळतही नाही. म्हणून सिंहलीला जी सोय परवडते ती मराठीला परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, संदर्भाने कळतंच की! कळतं, पण माणसाला. नावांच्या यादीला संदर्भ नसतो. कुऱ्हाडे आडनावाचा माणूस खिडकीपाशी उभा आहे आणि आतला संगणक सांगतोय की तो यादीत नाही, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. तिथे ल ला पाकळी आहे की दांडी, याने त्याचं काही अडत नाही.

तेव्हा माझा कौल टिंबाच्या ऱ ला. तो खोटा आहे हे मान्य करून. नियम युनिकोडनेही तोच पुढे ठेवलाय, आणि शब्दाचा अर्थ न दिसणाऱ्या चिन्हावर टांगून ठेवू नये, असं मला वाटतं. मात्र त्याच्या जोडीला दोन गोष्टी मागायला हव्यात. शोधताना दोन्ही रूपं एकच धरावीत. आणि जुने दस्तऐवज ‘स्वच्छ’ करण्याआधी जॉइनर असलेला प्रत्येक र बदलून घ्यावा; नंतर नाही, कारण नंतर कुठल्या दऱ्या होत्या आणि कुठला दर्या, हे सांगायला कुणी उरत नाही.

आज घरी गेल्यावर एक करा. सोसायटीची नाहीतर मंडळाची सभासदांची यादी उघडा आणि एखादे गोऱ्हे, एखादे कुऱ्हाडे शोधून बघा. सापडले तर उत्तम. नाही सापडले, तर यादी नजरेखालून घाला. ते तिथेच असतील.