जखम, क्षमा आणि उपचारक : एका ग्रंथाचा विचार

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ विदुषींचा ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. रणभूमीवरून परतलेला सैनिक आणि घराच्या चार भिंतींआड मार खाणारी स्त्री, या दोघांच्या मनाची जखम एकाच जातीची असते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर तणाव-विकारा’ला आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले ते १९८० साली, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा आग्रह होता. स्त्रिया व बालके यांचे घरातले दुःख त्याच तोलाचे आहे, हे हर्मन यांनी साधार दाखविले. ग्रंथ वैद्यकाचा असला तरी धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी तो वाचावयास हवा. जखमी माणूस पुष्कळदा दवाखान्याचे दार ठोठावण्यापूर्वी आपले दार ठोठावतो.

हर्मन बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगतात : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जुळलेले नाते. यातील क्रमाला महत्त्व आहे. झोप, अन्न, निवारा आणि मारणाऱ्यापासून अंतर यांची सोय होण्यापूर्वी जखम उकरणे म्हणजे दुसरा आघात करणे होय. मरण मागत रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या एलीयाला देवदूताने प्रथम अन्नपाणी दिले, निजू दिले, पुन्हा जेवू घातले. होरेबावरील संवाद त्यानंतरचा, हे येथे आठवते. दुसरे सूत्र असे की, आघाताने माणसाचा स्वतःवरील अधिकार हिरावलेला असतो, म्हणून उपचाराने तो परत द्यावयाचा असतो. रुग्णाचे निर्णय आपणच घेणारा उपचारक, मग तो पदवीधर असो वा झगाधारी, या कसोटीला उतरत नाही.

ग्रंथातील क्षमेविषयीचे विवेचन आपल्याला बोचते. अपराध्याने कबुली, पश्चात्ताप व भरपाई यांनी क्षमा मिळविल्याशिवाय पीडिताला ती खऱ्या अर्थाने देता येत नाही, असे लेखिकेचे मत. येथे ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाला थांबावे लागते. देवाची कृपा आपल्या पश्चात्तापाची वाट पाहत बसत नाही, ही आपली श्रद्धा आहे. क्षमेला सर्वस्वी अपराध्याच्या वर्तनावर टांगणे आपल्याला मान्य होणार नाही. परंतु कृपा दान आहे म्हणूनच तिसऱ्याने ती वसूल करावयाची नसते. शिवाय क्षमा वेगळी आणि पुन्हा एकत्र नांदणे वेगळे. हा भेद लेखिका पुरेसा उलगडत नाहीत, आणि आपण तर तो सर्रास विसरतो. पुरोहितपदाच्या पहिल्या वर्षांत मारहाणीने खचलेल्या एका भगिनीला मी क्षमा करून घरी परतण्याचा सल्ला दिला होता. ती परतली, पुढे ती मंदिरात येईनाशी झाली. हा ग्रंथ तेव्हा माझ्या कपाटात होता, वाचलेला मात्र नव्हता.

ग्रंथाची दुसरी उणीव त्याच्या भूमीची आहे. जवळच कोणीतरी जाणता उपचारक आहे व तो रुग्णाची भाषा बोलतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. बेळगाव वा हैदराबादच्या मराठी कुटुंबाला दोन्ही शोधावे लागतात. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, बेळगावकरांना धारवाडची, हैदराबादेत एर्रागड्डाची शासकीय संस्था, असे आरंभस्थान असते. १४४१६ ही २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा मराठीसह अनेक भाषांतून चालते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्य असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे पाहावी. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवर विसंबू नये. आघातावरील उपचारांचे शिक्षण घेतले आहे काय, कोणती पद्धत वापरणार, रुग्णाने थांबा म्हटल्यास थांबणार काय, हे पहिल्या भेटीत विचारण्यात संकोच नसावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रौढांच्या या विकारासाठी आघातकेंद्री वर्तनोपचार व ‘ईएमडीआर’ या पद्धतींची शिफारस केली. घटना ताजी असताना सर्वांकडून ती वदवून घेण्याचा प्रघात मात्र नाकारला. दुभाषी लागलाच तर तो नातेवाईक नसावा, आणि धर्मगुरू असावा की नाही हे रुग्णानेच ठरवावे.

मग आपल्याकडे काय उरते? दयाळू शोमरोन्याने जखमा बांधल्या, परंतु शुश्रूषा एकट्याने चालविली नाही. त्या माणसाला त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती सोपविले, दोन दीनार मोजले आणि पुन्हा येण्याचे वचन दिले. सोपविणे म्हणजे टाकून देणे नव्हे. योग्य उपचारक शोधून देणे, भाड्याचे पैसे नसतील तर ते देणे, बरोबर जाणे आणि परत विचारपूस करणे, हे सारे मेंढपाळाचेच काम आहे. या उणिवा ध्यानात ठेवूनही हर्मन यांचा ग्रंथ प्रत्येक सेमिनरीच्या ग्रंथालयात असावा. आणि कपाटातून तो वेळीच काढला जावा.