१९५७ चा कौल आणि त्याचीं साधनें

द्विभाषिक मुंबई राज्यांत राहावें कीं त्यांतून बाहेर पडावें, या प्रश्नावर महाराष्ट्रांतील मतदारांनीं १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकींत निर्णायक कौल दिला, हें विधान आजवर इतक्या वेळां छापून आलें आहे कीं, त्यास पुरावा मागणें हेंच कित्येकांस औद्धत्य वाटेल. परंतु एखाद्या सनदेवरील शिक्का अस्सल कीं बनावट, हें ठरविण्यासाठीं महिनेच्या महिने घालविणाऱ्या आमच्या वाचकांनीं आपल्याच आजोबा-पणजोबांचें मत मात्र तपासल्यावांचून मान्य करावें, हें आम्हांस विसंगत वाटतें.

हकीकत थोडक्यांत अशी. फाजल अली आयोगानें १९५५ मध्यें मराठी व गुजराती भाषिकांचें एक राज्य आणि विदर्भाचें वेगळें राज्य सुचविलें. १९५६ च्या जानेवारींत मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखालीं ठेवण्याची घोषणा झाली व तिच्यावरून रक्त सांडलें. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. अखेर १ नोव्हेंबर १९५६ पासून सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा व विदर्भ हे प्रदेश जुन्या मुंबई राज्याच्या मराठी-गुजराती भागास जोडून विशाल द्विभाषिक निर्माण झालें. पुढें लवकरच निवडणूक झाली. विधानसभेच्या ३९६ जागांपैकीं काँग्रेसला २३४ मिळाल्या. म्हणजे साऱ्या राज्याचा हिशेब धरतां द्विभाषिक तरलें, पण पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण उडाली. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें झालीं. यावरून लोकांनीं मागितलें व लोकांस मिळालें, अशी सरळ रेघ ओढण्यांत येते.

‘कौल’ या शब्दापाशींच थोडें थांबूं. आमच्या दप्तरांत कौल हा सरकारनें रयतेस द्यावयाचा असतो. उजाड गांवची लावणी व्हावी म्हणून कुळास दिलेले कौलनामे वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. दुसरा कौल देवाचा. तो मागतांना प्रश्न आधीं स्वच्छ शब्दांत देवापुढें मांडावा लागतो, एरवीं फूल उजवें पडलें काय आणि डावें पडलें काय, अर्थ सारखाच. रयतेनें सरकारास द्यावयाचा हा तिसरा कौल अर्वाचीन आहे. याच नगरच्या भूमीवर १४९० मध्यें मलिक अहमदानें बहमनी राज्याचा जोडा तोडून निजामशाही उभी केली, तेव्हां कोणत्याही कुळंब्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं; १९५७ मध्यें त्याच्या वंशजास विचारलें खरें, पण प्रश्न कोणता विचारला?

आतां मूळ साधनच पाहूं. १९५२ व १९५७ या दोन्ही वेळां मतपत्रिकेवर उमेदवाराचें नांव नव्हतें आणि चिन्हही नव्हतें. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, तिच्यावर त्याचें चिन्ह लावलेलें असे, आणि मतदार आडोशाआड जाऊन आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकीत असे. खूण करण्याची पद्धत मागाहून सर्वत्र रूढ झाली. तेव्हां त्या सालची एखादी मतपत्रिका उद्यां कोणा संग्राहकाच्या हातीं लागली, तरी ती मुकीच राहणार. मत कागदावर नव्हतें, पेटींत होतें. आणि मोजणी होतांच पेटी रिकामी झाली. कोणत्याही पेटीवर ‘द्विभाषिक’ हा शब्द नव्हता, हें निराळें सांगावयास नको. बैलजोडीची पेटी टाळणाऱ्यानें गुजरातशीं काडीमोड मागितली, कीं कांदा-कापसाच्या भावाचा राग काढला, हें पेटी सांगूं शकत नाहीं.

मग सांगतें कोण? राजवाड्यांनीं १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून बखर व अस्सल पत्र यांतील भेद आमच्या मंडळींच्या अंगीं मुरला आहे. परंतु या प्रकरणीं आपण बखरींवरच विसंबलों आहों. लालजी पेंडसे यांचा ‘महाराष्ट्राचे महामंथन’ हा ग्रंथ परिश्रमाचा आहे, त्यावांचून या विषयांत पाऊल टाकतां येत नाहीं. पण तो चळवळीच्या आंत उभें राहून लिहिलेला आहे. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं निघाला तो या लढ्याचें हत्यार म्हणूनच. अत्र्यांच्या लेखणींत सभेचा गजर जसाच्या तसा उतरतो. टाळ्या किती पडल्या हें कळतें, न वाजविणारे कोठें बसले होते हें कळत नाहीं. हुतात्म्यांची संख्यादेखील कोठें १०५, कोठें १०६, तर कोठें १०७ अशी आढळते. ज्या गोष्टीविषयीं कोणाच्याही मनांत दुजाभाव नव्हता, तिच्या गणनेंत जर एवढा फरक पडतो, तर मतदारांच्या मनांतील हेतूंच्या गणनेवर किती भार ठेवावा?

आमच्या जिल्ह्यापुरतें पाहूं. १९५७ मध्यें अहमदनगरची लोकसभेची जागा र. के. खाडिलकर यांनीं आणि कोपरगांवची बा. चं. कांबळे यांनीं जिंकली. दोघेही समितीच्या बाजूचे. यांतील दुसरी निवड विशेष विचार करण्याजोगी आहे. कांबळे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे. त्यांचे नेते डॉ. आंबेडकर यांनीं १९५५ च्या आपल्या पुस्तकांत मराठी मुलुखाचीं एक नव्हे, चार राज्यें करावीं व मुंबई शहर त्यांपैकीं एक असावें, असें प्रतिपादिलें होतें. पुढें फेडरेशन समितींत सामील झालें, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें निर्वाण झालें. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं पेटीपुढें उभ्या राहिलेल्या दलित मतदारानें जें मत दिलें, तें एकभाषिक राज्यासाठीं दिलें कीं गेलेल्या बापासाठीं? दोन्हींसाठीं, असें उत्तर संभवतें. पण तें ‘महाराष्ट्रानें कौल दिला’ या एका वाक्यांत मावत नाहीं. त्याच सुमारास कुळ आपल्या जमिनीकडे डोळे लावून बसलें होतें, कारण कसेल त्याची जमीन करणारा कायदा १ एप्रिल १९५७ पासून अंमलांत यावयाचा होता. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं उभारलेला सहकारी साखर कारखाना चालूं होऊन जेमतेम सहा-सात वर्षें झालीं होतीं. त्याच्या पाठीशीं उभे राहिलेले धनंजयराव गाडगीळ हे संयुक्त महाराष्ट्र परिषदेचेही एक प्रमुख विचारवंत. उंसाच्या सभासदानें त्यांचा कोणता शब्द अधिक मानला, हें शोधण्याजोगें आहे, आणि अद्याप कोणीं शोधलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणखी एक गोष्ट नगरकरांखेरीज इतरांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. या जिल्ह्याच्या उत्तरेस व पूर्वेस निजामची हद्द होती. गोदावरी ओलांडली कीं राज्य बदले, हाली शिक्क्याचें नाणें सुरू होई, करोडगिरीचें नाकें लागे. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर. ज्या दिवशीं पैठण, औरंगाबाद व बीड नगरच्या राज्यांत आलीं तो दिवस १ नोव्हेंबर १९५६ चा, आणि तें राज्य द्विभाषिकच होतें. ज्या संयोगानें सोयरे जवळ आणले तोच संयोग मोडा, असें नेवाशाच्या शेतकऱ्यास सांगावयाचें होतें. समितीचें उत्तर अर्थातच तयार होतें: मराठवाडा राहूं द्या, गुजरात जाऊं द्या. म्हणूनच चळवळीच्या नांवांत ‘संयुक्त’ शब्द आहे, ‘विभक्त’ नाहीं. फुटण्याची मागणी जुळण्याच्या भाषेंत केली गेली, हें या वादाचें मर्म आहे असें आमचें मत आहे. गंमत अशी कीं, ज्या मराठवाड्यास व विदर्भास पोटाशीं धरण्यासाठीं हें चाललें होतें, त्यांनीं त्याच निवडणुकींत बहुतांशीं काँग्रेसलाच निवडून दिलें.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचें साधन म्हणून मोल येथें लक्षांत येतें. पोटासाठीं मुंबईस आलेल्या गड्याचा विरह अखेरीस खंडित महाराष्ट्राच्या दुःखाशीं येऊन मिळतो. मुंबई ही नकाशावरची राजधानी नसून घरचा पैसा जेथून येतो तें ठिकाण आहे, हें तींत जितकें स्पष्ट आहे तितकें कोणत्याही निवेदनांत नाहीं.

प्रश्न सरळ विचारला गेल्याचीं उदाहरणें आहेत. नॉर्वेनें १३ ऑगस्ट १९०५ रोजीं स्वीडनशीं असलेला संयोग तोडण्याविषयीं मत घेतलें: बाजूनें ३,६८,२०८, विरुद्ध १८४. स्त्रियांस तेथें मत नव्हतें. त्यांनीं दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. मतें अंकांत विरघळलीं. ज्यांस मत नव्हतें त्यांचीं नांवें तेवढीं कागदावर उरलीं. आपल्याकडे गोव्यांत १६ जानेवारी १९६७ रोजीं महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासितच राहावें, असें विचारलें गेलें. विलीनीकरणाच्या फुलास १,३८,१७० आणि दोन पानांस १,७२,१९१ मतें पडलीं. तेथें ३४,०२१ च्या अंतराचा अर्थ लावावयास बखरकार लागत नाहीं. आमच्याकडे तो लागतो, आणि म्हणून बखरीबाहेरचा कागद अधिक मोलाचा.

सावेडी हें पूर्वीं शहराच्या उत्तरेचें खेडें. आज येथें वसाहतींमागून वसाहती झाल्या आहेत, आणि जिल्ह्याच्या गांवोगांवींहून आलेल्या कुटुंबांबरोबर त्यांच्या ट्रंकाही येथें आल्या आहेत. त्यांत मोडी कागद निघाला तर आमचे संग्राहक मित्र धांवत जातात. सभेचें छापील पत्रक निघालें तर तें रद्दींत पडतें. हें थांबलें पाहिजे. छापखान्याचें नांव व गांव पत्रकाच्या तळाशीं कायद्यानेंच द्यावें लागे, त्यामुळें स्थळ तेथें सांपडतें. सालाचा मात्र पुष्कळदां पत्ता नसतो, नुसता वार असतो, तो पंचांगाशीं ताडून पाहावा. पत्रक म्हणजे वक्त्याची बाजू, मतदाराची नव्हे, हेंही विसरूं नये. मतदार आढळला तर मागल्या कोऱ्या बाजूवर आढळतो. कारण कागद टाकून देण्याचे ते दिवस नव्हते, आणि जुन्या पिढीचीं माणसें अशा पाठकोऱ्यावर घरचा हिशेब, क्वचित् मोडींतही, लिहून ठेवीत. सभेच्या दिवशींची एस्. टी. ची भाडेखर्ची, मुंबईहून आलेली मनिऑर्डर, वर्गणीचे चार आणे, अशी एखादी ओळ मिळाली तर ती दहा भाषणांस भारी आहे. यास्तव पत्रकें खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटविण्याची जी चाल कांहीं संग्रहांतून पडली आहे, ती तत्काळ बंद करावी. आणि जीं चिकटविलीं गेलीं आहेत तीं जाणत्या हातानें ओलावून सोडवावीं, मात्र मागील शाई पाण्यानें फुटणारी नाहीं याची आधीं एका कोपऱ्यावर खात्री करून घ्यावी.