‘आठवत नाही’ हे माकडाला कळते काय?

उणे गुण असलेल्या परीक्षेत एक विद्यार्थी त्रिकोणमितीचे सारे प्रश्न सोडून देतो. प्रश्न वाचल्यावर ‘हे आपल्याला येत नाही’ असे त्याला कळले म्हणून, की त्रिकोण दिसला की गुण जातात हे अंगवळणी पडले म्हणून? कोऱ्या जागेवरून याचा उलगडा होत नाही. प्राण्यांना स्वतःच्या विचारांचा विचार करता येतो काय, हे तपासणारे बरेच प्रयोग नेमके इथेच अडतात.

१९९५ मध्ये जे. डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातील नाटुआ या डॉल्फिनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. नाद २१०० हर्ट्झचा असेल तर एक कळ, त्याहून खालचा असेल तर दुसरी. फरक अगदी थोडा उरला की नाटुआ घुटमळे आणि तिसऱ्या कळीकडे वळे. ती दाबली की तो नाद सोडून पुढे जाता येई. त्याची शंका जणू डोळ्यांना दिसते! परंतु विशिष्ट नादांना चूक होते, बक्षीस हुकते, एवढ्या अनुभवावरही ही सवय लागू शकते.

२००७ मध्ये फूट आणि क्रिस्टल यांनी उंदरांना २ ते ८ सेकंदांचे आवाज ऐकवले. ‘लांब’ की ‘आखूड’ हे बरोबर ओळखले तर ६ गोळ्या, चुकले तर काही नाही, परीक्षा टाळली तर हमखास ३. मधल्या लांबीच्या आवाजांना उंदीर परीक्षा टाळू लागले, आणि त्यांना आत्मज्ञान असल्याचा बोलबाला झाला. तो मला घाईचा वाटतो. स्मिथ व सहकाऱ्यांनीच २००८ मध्ये गणिती प्रारूपाने दाखवले, की टाळण्याला ठरावीक बक्षीस असेल तर असे वर्तन साध्या शिकण्यातूनही उपजते.

रॉबर्ट हॅम्प्टन यांचा २००१ मधील प्रयोग मात्र मला उजवा वाटतो, तो मांडणीमुळे. ऱ्हीसस माकडाला पडद्यावर चित्र दाखवत आणि ते पुसून काही काळ थांबत. परीक्षा द्यायची की नाही हे माकडाने त्यानंतर, उत्तरांची चित्रे दिसण्याआधीच ठरवायचे. बरोबर उत्तराला शेंगदाणा, परीक्षा टाळल्यास कमी आवडीचा खाऊ. म्हणजे निर्णयाच्या क्षणी कठीण-सोपे असे समोर काहीच नसे. आधार घ्यायचा तो आतल्या आठवणीचा. कधी कधी टाळण्याची मुभाच नसे. अशा सक्तीच्या परीक्षेपेक्षा स्वतः निवडलेल्या परीक्षेत माकडांची उत्तरे अधिक बरोबर आली. शिवाय काही वेळा मूळ चित्र दाखवलेच नाही, तेव्हा माकडांनी परीक्षा अधिक वेळा टाळली. आठवायला काही नाही, याचा त्यांना सुगावा लागला असे म्हणायला येथे जागा आहे.

पण माकडे दोनच होती. आणि आठवण पुसट असल्याने हात मागे घेणे वेगळे, ‘माझी आठवण पुसट आहे’ असे मनात येणे वेगळे. या दोहोंतला फरक दाखवील अशी कळ त्या पडद्यावर नव्हती.