परळीचा वैजनाथ आणि श्लोकाचा पुरावा

मंडळी, सोनपेठकरांना परळी शेजारची, त्यामुळे हा वाद आपल्या घरातलाच. बारा ज्योतिर्लिंगांच्या श्लोकाचे दोन पाठ प्रचलित आहेत. एकात वैद्यनाथ परळीला, दुसऱ्यात चिताभूमीत. चिताभूमी म्हणजे झारखंडमधलं देवघर, असं तिकडचे लोक सांगतात. दोन्ही पक्ष आपला पाठ मूळ धरतात, दुसऱ्याचा मागाहून बदललेला. आम्हाला खटकतं ते इथेच. श्लोक म्हणजे काही सातबारा नव्हे. तो म्हणणाऱ्यांची श्रद्धा कोणत्या क्षेत्राकडे होती, एवढं त्यावरून कळतं. कोणतं देऊळ आधीचं, हे कळत नाही.

औंढ्याचंही तेच. नागेशाचं दारुकावन कोणतं? औंढा, द्वारकेजवळचं नागेश्वर आणि अल्मोड्याकडचं जागेश्वर, तिघांचाही दावा आहे. आता औंढ्याला गेलात की नीट बघा: खालचं कोरीव दगडी काम यादवकाळातलं मानतात, वरचं शिखर नंतरच्या बांधणीचं. देवळाचा इतिहास तिथे समोर उभा आहे, आणि वादात त्याचं नावही निघत नाही! श्रद्धेला पुरावा लागत नाही, हे आम्हालाही मान्य. पण एकदा पुरावा म्हणून काही पुढे केलंत, की ते तपासू द्यावं लागतं, बरं का.