जनरल रजिस्टरातलं शहर

जालन्यातल्या शाळेत ‘माझे शहर’ हा निबंध दिला की ‘जालना सोने का पालना’ ही ओळ कुठल्या ना कुठल्या वहीत येतेच. ही ओळ मराठी नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हे गाव बाहेरून आलेल्यांनीही घडवलं, हे त्या म्हणीच्या भाषेतच सांगून झालेलं असतं. निबंध मात्र पुढे समर्थांच्या जांबेकडे, मोती तलावाकडे आणि शेवटी स्टीलकडे वळतो.

स्थानिक इतिहास शिकवण्याची आपली रीत अशीच आहे: ठिकाणं येतात, माणसं येत नाहीत. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीनं जिल्हावार काढलं, हे चांगलंच झालं. पण चौथीत शिवछत्रपती आले की जिल्हा मागे पडतो. दहावीच्या २०१८ च्या पुस्तकात उपयोजित इतिहास आला, आणि परीक्षेत त्याची ‘टीपा लिहा’ झाली. भोगवर्धन म्हणजे आजचं भोकरदन. तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. १८०३ ची असईची लढाई याच जिल्ह्यातली, आणि पुढे जालन्याच्या छावणीत मद्रासच्या पलटणी राहिल्या. त्या शिपायांनी संसार कुठे मांडले, हा प्रश्न धड्यात नसतो. बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचं नाव करणारे, १९६४ मध्ये महिको काढणारे बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. हेही जाता जाता सुद्धा कुणी सांगत नाही.

कुटुंबाचा इतिहास म्हणून उरतो तो वंशवृक्षाचा प्रकल्प. स्टेशनरीच्या दुकानातून छापील तक्ता आणायचा, आजी-आजोबांचे फोटो डकवायचे. पण झाड एका जागी उभं असतं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन मंठा-परतूरकडची जोडपी ऊसतोडीला जातात. सोबत गेलेल्या मुलानं फडातलं खोपटं कुठल्या फांदीवर दाखवायचं? रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या बिहारी बापाच्या मुलीकडे आजीचा फोटोच नसतो, फोनवरचा आवाज असतो.

आणि खरं साधन शाळेच्याच कपाटात पडलेलं असतं. जनरल रजिस्टर उघडा: जन्मस्थळ, मातृभाषा, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण. एकेका वर्षाचं पान खाली वाचत गेलं की शहर कुठून भरलं, कुठे रिकामं झालं, ते दिसू लागतं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चाळवजा इमारतीत १९८८ पासून संग्रहालय आहे. तिथे राहून गेलेल्या स्थलांतरित कुटुंबांच्या खोल्या दाखवतात. आपल्याकडे इमारत नाही, पण रजिस्टर आहे.

त्यातही न सापडणारे असतातच. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करत होते, आणि टाळेबंदीत मध्य प्रदेशातल्या घरी जायला पायी निघाले होते. जालन्याच्या इतिहासाच्या तासाला ही तारीख फळ्यावर यायला हवी.

रजिस्टर वर्गात न्यायचं तर नावांचा रकाना कागदानं झाकावा लागेल, एवढं सोपं आहे. जातीच्या रकान्याचं तसं नाही. तो झाकला तर गाव का सुटलं याचं अर्धं उत्तर झाकलं जातं. उघडा ठेवला तर मधल्या सुट्टीत काय होईल, ते बाईंना ठाऊक असतं.